चोर सोडून पोपटाला फाशी

24 जानेवारी 1930 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी एका आदेशावर सही केली आणि परदेशी पोपटांना देशाची बंदरे बंद झाली. न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळून जेमतेम तीन महिने झाले होते. अशा दिवसांत राष्ट्राध्यक्षाने पोपटांसाठी वेळ काढावा, याची नंतरच्या लेखकांनी बरीच गंमत केली आहे. ज्या रोगापायी ही बंदी आली त्याला डॉक्टर सिटॅकोसिस म्हणतात आणि वर्तमानपत्रे ‘पोपटाचा ताप’. त्याचा इतिहास सहसा दोन तऱ्हांनी सांगितला जातो. पहिली तऱ्हा भयकथेची: उष्ण प्रदेशातल्या रानातून आलेल्या पाखराने सुखवस्तू घरात मरण आणले. दुसरी प्रहसनाची: वर्तमानपत्रांनी राईचा पर्वत केला आणि सरकार त्याला भुलले. माझ्या मते दोन्ही कथांनी मुख्य पात्रच चुकवले आहे. जंतू पोपटाच्या अंगात होता हे खरे, पण त्याची साथ झाली ती पाखरांच्या व्यापारामुळे. हा व्यापार ज्या रीतीने चालत होता त्या रीतीतच रोगाचे मूळ होते. तरीही प्रत्येक वेळी शिक्षा पाखराला झाली आणि व्यापाराची रीत थोडीफार मुरड घालून तशीच चालू राहिली.

आधी जंतूचा स्वभाव पाहू. क्लॅमिडिया सिटॅसी हा अगदी लहान जिवाणू. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याला वाढता येत नाही. पक्ष्याच्या शरीरात तो महिनोन्महिने दबा धरून राहतो आणि वरून पक्षी धडधाकट दिसतो. उपासमार, दाटी, थंडी, लांबचा प्रवास यांनी पक्ष्याची ताकद ढासळली की विष्ठेतून आणि नाकातल्या स्रावातून तो बाहेर पडू लागतो. विष्ठा वाळते, तिची धूळ होते, आणि पंखांच्या एका फडफडीने ती खोलीभर पसरते. म्हणजे पक्षी चावायला हवा असे नाही, त्याला हात लागायला हवा असेही नाही. त्या खोलीत श्वास घेतला तरी पुरते. आठवडा-दोन आठवड्यांनी माणसाला ताप भरतो, डोके विलक्षण दुखते, कोरडा खोकला सुरू होतो आणि पुढे न्यूमोनिया. ताप चढलेला असूनही नाडी मंद असते, त्यामुळे जुन्या डॉक्टरांना तो विषमज्वराचा भाऊबंद वाटे. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी 1879 मध्ये याकोब रिटर या डॉक्टरच्या भावाच्या घरात सात माणसे अशी आजारी पडली आणि तिघे दगावले. रिटरने आजाराला ‘न्यूमोटायफस’ म्हटले. त्याचा संशय गेला तो घरातल्या अभ्यासिकेत ठेवलेल्या पिंजऱ्यांवर. त्यांत बाहेरून विकत आणलेले पोपट आणि फिंच होते. रोगाची ही पहिली नोंद, आणि तीत रान कुठेच नाही. आहे ती खरेदी.

पॅरिसची 1892 ची साथ याहून बोलकी आहे. दोन व्यापाऱ्यांनी ब्यूनोस आयर्सहून सुमारे 500 पोपट फ्रान्सला आणले. वाटेत निम्म्याहून अधिक मेले. इतकी पाखरे डोळ्यांदेखत मरत असताना उरलेली विकायला काढताना कोणाच्या मनात काही आले असेल का, असा प्रश्न आज पडतो. त्याचे उत्तर धंद्याच्या हिशेबात आहे. समुद्रप्रवासात काही माल मरणार हे किमतीत आधीच धरलेले असे. मेलेला पोपट हा तोटा, जगलेला हा नफा. जगलेला आजारी आहे की नाही या प्रश्नाला त्या वहीत रकानाच नव्हता. पॅरिसमध्ये 49 जणांना लागण झाली आणि 16 मेले. मग विज्ञान कामाला लागले आणि पहिल्याच पावलाला ठेचकाळले. एडमों नोकार हा नावाजलेला पशुवैद्यक. प्रवासात मेलेल्या पोपटांचे वाळवलेले पंख त्याच्या हाती आले. त्यांच्या हाडांतल्या मगजातून त्याने 1893 मध्ये एक जिवाणू वेगळा काढला आणि हाच रोगाचे कारण असे मानले गेले. वास्तविक तो साल्मोनेला गटातला, पोटाचे विकार करणारा जंतू होता. त्याचा या तापाशी संबंध नव्हता, पण पुढची 35-36 वर्षे डॉक्टर रुग्णांच्या रक्तात तोच शोधत राहिले आणि तो न सापडल्यावर गोंधळत राहिले. नोकारला दोष देण्यात अर्थ नाही. खरा जंतू त्याच्या साधनांच्या टप्प्यात नव्हता. पण लक्ष कुठे गेले ते पाहण्यासारखे आहे. सगळा शोध मेलेल्या पंखाच्या आत काय आहे याचा झाला. ती पाखरे जहाजाच्या ज्या तळघरात मेली त्याची चौकशी कोणी केली नाही. 1895 मध्ये रोगाचे शास्त्रीय नावही पोपटाच्या ग्रीक नावावरून पडले.

1929 मध्ये अर्जेंटिनातल्या कोर्दोबा शहरात ब्राझीलहून आलेल्या पोपटांची विक्री झाली आणि त्यापाठोपाठ ताप सुरू झाला. ब्यूनोस आयर्समध्ये एका नाटक मंडळीतले नट आजारी पडले. नाटकात त्यांच्याबरोबर एक जिवंत पोपट काम करत होता. सरकारने पोपटांच्या विक्रीवर बंदी घातली. येथून पुढे घडले ते या लेखाच्या मुद्द्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. देशात विकता न येणारी पाखरे दलालांनी नष्ट केली नाहीत. बंदरात येणाऱ्या परदेशी प्रवाशांच्या आणि खलाशांच्या गळ्यात त्यांनी ती बांधली. एका देशाची बंदी अशा रीतीने दुसऱ्या देशांची आयात झाली, आणि काही महिन्यांत जर्मनी, इंग्लंड, अमेरिका अशा डझनभर देशांत रुग्ण दिसू लागले.

अमेरिकेत मेरिलँड राज्यातल्या अ‍ॅनापोलिस गावी नाताळची भेट म्हणून एका घरात पोपट आला होता. नाताळ उजाडेपर्यंत तो मेला आणि घरातली तीन माणसे अंथरुणाला खिळली. त्यांच्या डॉक्टरला काही उमगेना. ‘अमेरिकन वीकली’ या रविवारच्या पुरवणीत आलेला अर्जेंटिनातल्या तापावरचा चटपटीत लेख त्याच्या बायकोने वाचला होता. तिला तो आठवला आणि वॉशिंग्टनला तार गेली. (ज्या पीत पत्रकारितेला या प्रकरणात सगळे नावे ठेवतात, तिच्याच एका पानामुळे निदान झाले, हेही जमेस धरायला हवे.) सरकारी हायजिनिक लॅबोरेटरीत जॉर्ज मॅककॉय आणि चार्ल्स आर्मस्ट्राँग यांनी काम हाती घेतले. आजारी पोपट तळघरात ठेवले होते आणि त्यांची देखभाल करी शॉर्टी अँडरसन हा प्रयोगशाळा-साहाय्यक. त्याला लागण झाली आणि 8 फेब्रुवारी 1930 रोजी तो मेला. आर्मस्ट्राँग आजारी पडला. बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातले सीरम टोचल्यावर तो वाचला. बाल्टिमोरच्या आरोग्य खात्यातला जिवाणुतज्ज्ञ विल्यम स्टोक्स याच कामात गेला. प्रयोगशाळेत पोपटांच्या खोलीकडे कधी न फिरकलेले कर्मचारीही तापाने पडू लागले, तेव्हा मॅककॉयने उरलेले प्राणी स्वतः मारले आणि इमारतीत सायनाइडची धुरी दिली. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकी काँग्रेसने या प्रयोगशाळेचे नाव नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ असे केले. तो कायदा आधीपासून चर्चेत होता, पण पोपटांच्या प्रकरणाने लोकांना या संस्थेचे नाव ठाऊक झाले होते.

ही सगळी अतिशयोक्तीच होती, असे म्हणणारे आकडे पुढे करतात. अमेरिकेत 169 रुग्ण आणि 33 मृत्यू, जगभरात साधारण 750 ते 800 रुग्ण. 1918 चा इन्फ्लुएंझा पाहिलेल्या पिढीला हा आकडा किरकोळच वाटायला हवा होता. शिवाय माणसाकडून माणसाला हा रोग सहसा लागत नाही, म्हणजे तो वणव्यासारखा पसरणारच नव्हता. हा आक्षेप निम्मा बरोबर आहे. लोकांनी घरचे निरोगी पोपट मारले, रस्त्यावर सोडून दिले. ती घबराटच होती. पण रुग्णांतला पाचातला एक मरत होता, आणि रोगाचा अभ्यास करणारे कसलेले लोक बंद दारांमागे मरत होते, हा काही बातमीदारांनी रचलेला मजकूर नव्हता. प्रहसन म्हणून ही गोष्ट सांगण्यात मला खरी अडचण वेगळीच दिसते. एकदा सगळी चूक वर्तमानपत्रांची ठरली की दलाल सुटतो. घबराट खोटी होती म्हणून धंदा निर्दोष होता असे होत नाही.

1930 च्या आदेशामागचा तर्क साधा होता: रोग परदेशातून येतो, तेव्हा बंदर बंद केले की देश सुरक्षित. तो दोन वर्षांत कोसळला. महामंदीत दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कित्येक कुटुंबांनी परसात बजरीगर पाळून त्यांची पैदास करण्याचा जोडधंदा सुरू केला होता. आपल्याकडच्या पक्षीबाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात तेच हे पाखरू, मूळचे ऑस्ट्रेलियातले. भांडवल थोडे, जागा कोंबड्यांच्या खुराड्याएवढी, आणि गिऱ्हाईक गावोगावी. 1931 च्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या ग्रास व्हॅली या लहान गावात काही स्त्रिया न्यूमोनियासारख्या आजाराने मेल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या हूपर फाउंडेशनमधला कार्ल मेयर हा मूळचा स्विस पशुवैद्यक त्या मृत्यूंच्या मागावर निघाला, आणि माग अशा एका पाखरापाशी लागला की जे ब्राझील किंवा अर्जेंटिनाच्या वाटेलाही गेलेले नव्हते. परसातल्या खुराड्यांची तपासणी सुरू झाली. मेयरची रीत कठोर होती. प्रत्येक पैदासकाराकडून काही पाखरे घ्यायची, मारून त्यांची प्लीहा सुजली आहे का पाहायचे, ती वाटून उंदरांना टोचायची. वरून गुटगुटीत दिसणाऱ्या पाखरांत रोग निघत गेला. दाटीच्या घरट्यात पिल्लांना जन्मताच लागण होई. काही मरत, बाकीची जंतू अंगात घेऊन वाढत आणि नेमकी त्याच वयात विक्रीला जात. कारण गिऱ्हाइकाला माणसाळणारे कोवळे पाखरू हवे असे. जंतू सर्वांत जास्त बाहेर टाकणारे वय आणि बाजारभाव सर्वांत चढा असलेले वय एकच निघाले.

पण हा जंतू मुळात आला कुठून? मेलबर्नमध्ये फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट याने 1930 च्या दशकाच्या मध्यावर ऑस्ट्रेलियातले रानटी पोपट तपासले. हाच बर्नेट पुढे 1960 च्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला. त्याला आढळले की रानातल्या कळपांत हा जंतू फार जुना रहिवासी आहे. पिल्लांना तो घरट्यातच लागतो, बहुतेक पिल्ले निभावतात, आणि मोठा पक्षी जंतूसह आयुष्य काढतो. त्याच पक्ष्याला पकडून, घाणेरड्या पेटीत कोंबून, अर्धपोटी दूर पाठवले की दबलेला रोग उसळतो आणि एका पक्ष्यापासून सगळी पेटी आजारी होते. बर्नेटने हे पुढे पुस्तकातही मांडले: रानात राहिला असता तर तो पक्षी बहुधा कोणाला काही न करता जगला असता. माझ्या मते या रोगाच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा शोध आहे. लंडन हॉस्पिटलमध्ये सॅम्युअल बेडसनने आणि बर्लिन व अमेरिका येथल्या संशोधकांनी 1930 मध्ये खरा जंतू शोधला, त्याचे महत्त्व कमी नाही. तो इतका बारीक की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून पार होई. म्हणून 1960 च्या दशकापर्यंत त्याला विषाणूच समजत. तरी जंतू कोण हे कळल्याने साथ का येते हे कळले नव्हते. ते बर्नेटने सांगितले.

याला सर्वांत अवघड आक्षेप फेरो बेटांवरून येतो. उत्तर अटलांटिकमधल्या या बेटांवर फुल्मर नावाचा समुद्रपक्षी खाण्याची जुनी रीत आहे. त्याची अजून उडता न येणारी, चरबीने जड झालेली पिल्ले पकडून, पिसे उपटून मिठात घालून ठेवतात. 1930 पासून पुढच्या सात-आठ वर्षांत तिथे दीडशेहून अधिक लोक या तापाने आजारी झाले आणि पाचातला एक मेला. आजारी पडल्या त्या मुख्यतः पिसे उपटणाऱ्या बायका, आणि गरोदर बायकांत मृत्यूचे प्रमाण भयंकर होते. येथे पिंजरा नाही, दलाल नाही, जहाजाचे तळघर नाही. दक्षिण अमेरिकेहून येणाऱ्या जहाजांवरून समुद्रात फेकलेले मेलेले पोपट खाऊन फुल्मरना रोग झाला, अशी एक उपपत्ती मांडली गेली. खरी असती तर ती माझ्याच बाजूची. पण ती सिद्ध झालेली नाही आणि मी तिच्यावर भिस्त ठेवत नाही. फेरोची गोष्ट मी अशी वाचतो: रानटी पक्ष्यापासूनही माणसाला धोका आहे, पण तो धोका कामातून येतो. ज्यांनी शिजवलेला पक्षी नुसता खाल्ला त्यांच्याहून ज्यांनी बंद जागेत पिसांच्या धुळीत बसून शेकडो पिल्ले सोलली त्या अधिक मेल्या. 1950 च्या दशकात टेक्सासमध्ये टर्की कापण्याच्या कारखान्यांतल्या मजुरांत साथी आल्या, त्यांची तऱ्हा हीच. तेव्हा ‘व्यापार’ या शब्दाचा अर्थ थोडा रुंद करून घ्यावा लागतो: पाखरांची दाटी, आणि त्या दाटीतल्या धुळीत पोटासाठी राबणारी माणसे.

तरीही काही उदाहरणे या रुंद अर्थातही बसत नाहीत. 1943 च्या सुमारास लुइझियानाच्या दलदलीत हा रोग माणसाकडून माणसाला, रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांना लागत गेला. 1995 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्राइट गावी अंगणातले गवत यंत्राने कापणाऱ्यांना तो झाला. रानटी पोपटांची वाळलेली विष्ठा गवताबरोबर उडत होती. 2024 च्या सुरुवातीला डेन्मार्कसह युरोपातल्या पाच देशांत रुग्ण वाढले, त्यांतल्या अनेकांचा संबंध बाहेरच्या पक्ष्यांशी होता. ही उदाहरणे नाकारण्याचे कारण नाही. पण पॅरिस, 1930 ची जागतिक साथ आणि कॅलिफोर्निया यांच्याशेजारी ठेवली की ती अपवाद म्हणून शोभतात. मोठी साथ प्रत्येक वेळी विक्रीच्या वाटेनेच आली आहे.

आपल्याकडे 2025 मध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून वाद पेटला तेव्हा सिटॅकोसिसचेही नाव घेतले गेले. कबुतरांत हा जंतू असतो हे 1940 च्या सुमारासच सिद्ध झाले आहे, त्यामुळे नाव घेणे चूक नाही. पण कबुतरांच्या सहवासाने फुप्फुसे हळूहळू निकामी होतात तो मुख्यतः वावड्याचा, म्हणजे अ‍ॅलर्जीसारखा विकार आहे. तो जंतूने होत नाही आणि प्रतिजैविकाने बरा होत नाही. दोन्ही एका वाक्यात कोंबल्याने वादाला जोर आला असेल, समज आलेली नाही. दाण्यांच्या राशीने एका चौकात हजारो पक्षी गोळा करणे हीही दाटीच. त्या अर्थाने बर्नेटचा धडा दादरच्या कबुतरखान्यालाही लागू पडतो.

उपचार सापडल्यावर तरी धंद्याची रीत बदलली का? 1948 मध्ये क्लोरटेट्रासायक्लिन आले आणि माणसांचे मरण झपाट्याने घटले. औषध आहे म्हटल्यावर अमेरिकेत बजरीगरांच्या विक्रीवरची बंधने सैल झाली, पाखराची फॅशन आली आणि 1954 मध्ये एका वर्षात पाचशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले, 1930 च्या गाजलेल्या साथीच्या तिपटीहून अधिक. त्यावर कोणी घाबरले नाही, कारण लोक मरत नव्हते. मेयर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मग औषधात मुरवलेले बारीक धान्य तयार केले. पाखराला तेच खाऊ घातले तर अंगातला जंतू मरतो. त्यासाठी सलग 45 दिवस लागतात, हे संशोधनाने सांगितले. पण सक्ती आली ती वेगळ्याच रोगामुळे. 1971 ते 1973 या काळात दक्षिण कॅलिफोर्नियात कोंबड्यांत न्यूकॅसल रोग पसरला, सुमारे 1 कोटी 20 लाख पक्षी मारावे लागले, आणि तो रोग आयात केलेल्या शोभेच्या पाखरांबरोबर आला होता. अंड्यांचा धंदा बुडू लागल्यावर मात्र सरकारने आयात पक्ष्यांसाठी सक्तीचे विलगीकरण आणले. त्याची मुदत न्यूकॅसलच्या हिशेबाने ठरली: 30 दिवस. पोपटांना त्या काळात औषधी दाणे दिले जात आणि एकतिसाव्या दिवशी ते दुकानाकडे रवाना होत. 1992 च्या कायद्याने वन्य पक्ष्यांची आयात आवळली जाईपर्यंत लाखो पोपट याच दाराने अमेरिकेत आले. उरलेले 15 दिवस औषध चालू ठेवण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर सोडलेली होती.